शंभरात एक, सहा हजारांत एक

२६ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातील सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराखाली लहान भूकंपांची एक मालिका सुरू झाली. दिवसभरात १४० च्या आसपास धक्क्यांची नोंद झाली. त्यांतला सर्वांत मोठा ४.३ तीव्रतेचा होता आणि बाकीचे बहुतेक केवळ यंत्रांनाच जाणवले. सरोवराच्या काठी बॉम्बे बीच नावाची वस्ती आहे (मुंबईकराने नावावर जाऊ नये, भोवती सगळे वाळवंट आहे); तिथे जेमतेम दोन-तीनशे माणसे राहतात. एरवी अशा घटनेची बातमीही झाली नसती. परंतु दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने एक आकडा जाहीर केला: पुढील सात दिवसांत सॅन अँड्रियास भ्रंशाच्या (भूकवचातल्या, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात अशा लांब भेगेच्या) दक्षिण भागावर ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा भूकंप होण्याची शक्यता तीन हजारांत एक ते शंभरात एक एवढी आहे, आणि कोणत्याही सामान्य आठवड्यात ती सहा हजारांत एक असते. राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाने लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, सॅन बर्नार्डिनो यांसह दक्षिणेकडच्या काउंटींना ४ ऑक्टोबरपर्यंत सावध राहण्याची सूचना दिली. मोठा भूकंप झाला नाही.

असा आकडा लोकांना सांगावा की सांगू नये, हा प्रश्न तेव्हापासून वारंवार विचारला गेला आहे. सांगू नये असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर पाहता सरळ आहे. शंभरात एक ही वरची मर्यादा धरली तरी नव्व्याण्णव वेळा काहीच होणार नाही. लोक घाबरतील, काही दिवसांनी हसतील आणि पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. माझे मत याच्या उलट आहे. आकडा लहान असला तरी तो जसाच्या तसा आणि सर्वांना सांगितला पाहिजे. मात्र कोणत्या आकड्याला कोणी काय करायचे हे धक्के सुरू होण्यापूर्वी ठरलेले नसेल, तर आकडा सांगूनही फारसे काही साधत नाही, आणि कॅलिफोर्नियाचा अनुभव या दुसऱ्या गोष्टीविषयी अधिक शिकवणारा आहे.

प्रथम त्या जागेविषयी. पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकन हे दोन भूपट्ट एकमेकांना घासत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने सरकत आहेत आणि कॅलिफोर्नियात त्या सरकण्याचा मोठा वाटा सॅन अँड्रियास भ्रंश उचलतो. हा भ्रंश दक्षिणेकडे बॉम्बे बीचपाशी संपतो. तिथून पुढे हालचाल मेक्सिकोच्या सीमेकडे जाणाऱ्या इंपीरियल भ्रंशाकडे वळते आणि या दोन भ्रंशांच्या मधला पट्टा, ज्याला ब्रॉली भूकंपप्रवण पट्टा म्हणतात, सतत ताणला जातो. ताणामुळे जमीन खचत गेली आहे. सॉल्टनचे खोरे समुद्रसपाटीच्या ७० मीटरहून खाली आहे, आणि १९०५ साली कोलोरॅडो नदीचे पाणी कालवा फोडून जवळजवळ दोन वर्षे या खोलगट भागात वाहत राहिले तेव्हा आजचे सरोवर तयार झाले. कवच पातळ झाल्यामुळे खालची उष्णता वर येते. दोन-अडीच किलोमीटर खोलीवर तीनशे अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेले खारे पाणी आहे आणि त्यावर भूऔष्णिक वीज केंद्रे चालतात. दोन मुख्य भ्रंशांच्या मध्ये त्यांना छेद देणारे अनेक लहान भ्रंश आहेत. सारी रचना एखाद्या शिडीसारखी आहे, आणि धक्क्यांच्या मालिका बहुधा तिच्या आडव्या पायऱ्यांवर घडतात.

मालिका आणि नेहमीचा भूकंप यांतला फरक येथे महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का बसतो आणि नंतरचे लहान धक्के ठरावीक रीतीने विरळ होत जातात. त्या विरळ होण्याचे सूत्र जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्येच मांडले होते. मालिकेत असा एक नायक नसतो. सारख्याच आकाराचे धक्के तासन्‌तास, कधी आठवडाभर येत राहतात, कारण त्यांच्यामागे बहुधा खडकांच्या भेगांतून सरकणारे गरम पाणी तरी असते किंवा भ्रंशाचे आवाज न करता हळू घसरणे तरी असते. २००५ साली याच भागात ऑब्सिडियन ब्यूट्सजवळ झालेल्या मालिकेमागे असे मूक घसरणे होते, हे नंतरच्या अभ्यासातून दिसले. त्यामुळे मालिका म्हणजे मोठ्या भूकंपाची नांदी असे समजणे चूक आहे. बहुतेक मालिका जशा येतात तशा विरून जातात. बॉम्बे बीचजवळ २००१, २००९ आणि २०१६ मध्ये झालेल्या तिन्ही मालिका विरून गेल्या.

काळजीचे कारण वेगळे आहे. आडव्या पायरीवर हालचाल झाली की शेजारच्या मुख्य भ्रंशावरचा दाब बदलतो आणि तो सुटण्याची शक्यता काही काळ वाढते. हे केवळ कागदावरचे गणित नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये याच खोऱ्यात एल्मोर रँच या आडव्या भ्रंशावर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे बारा तासांत त्याला काटकोनात असलेल्या सुपरस्टिशन हिल्स भ्रंशावर ६.६ तीव्रतेचा. सॅन अँड्रियासचा दक्षिण टोकाचा भाग शेवटचा मोठ्या प्रमाणावर फुटला त्याला सुमारे तीनशे वर्षे झाली आहेत आणि दोन मोठ्या भूकंपांमधले सरासरी अंतर याहून बरेच कमी आहे. भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी जे कल्पित संकटचित्र तयार केले, त्यात ७.८ तीव्रतेचा भूकंप बॉम्बे बीचपाशीच सुरू होऊन वायव्येकडे धावतो, सुमारे १,८०० माणसे दगावतात आणि दोनशे अब्ज डॉलरांहून अधिक नुकसान होते. म्हणजे ज्या ठिकाणी काडी पडली तर वणवा लागेल असे शास्त्रज्ञांनी आधीच सांगून ठेवले होते, त्याच ठिकाणी २०१६ ची मालिका झाली. अशा वेळी गप्प बसणे ही तटस्थता ठरत नाही.

गप्प बसण्यापेक्षाही वाईट पर्याय म्हणजे धीर देणे, आणि त्याची किंमत इटलीने मोजली आहे. २००९ च्या सुरुवातीपासून लाक्विला शहराला लहान धक्के बसत होते. लोक बेचैन झाले होते आणि भाकिते सांगणारी एक व्यक्ती त्यांची भीती वाढवत होती. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्या बैठकीआधी नागरी संरक्षण खात्याच्या उपप्रमुखांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की धक्क्यांमुळे ऊर्जा मोकळी होत आहे, ही परिस्थिती अनुकूलच आहे. हे विधान शास्त्राला धरून नव्हते. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ३०९ माणसे मेली. धक्के बसले की घराबाहेर रात्र काढायची, ही त्या डोंगरी भागातली जुनी रीत. दिलाशामुळे आपल्या माणसांनी ती सोडली, अशी अनेक कुटुंबांची तक्रार होती. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. शास्त्रज्ञांना तुरुंगात धाडणे अन्यायाचे होते असेच मला वाटते, परंतु खटल्याच्या गदारोळात एक साधी गोष्ट झाकली गेली. लाक्विलासाठी कोणी त्या आठवड्यात प्रामाणिकपणे हिशोब मांडला असता, तर शक्यता लहानच निघाली असती. लहान शक्यता आणि शून्य शक्यता यांतले अंतर एका वाक्याने पुसून टाकणे, हा तिथला अपराध होता.

योगायोग असा की त्याच वसंतात, २४ मार्च २००९ रोजी, बॉम्बे बीचजवळच्या मालिकेत ४.८ तीव्रतेचा धक्का बसला होता आणि कॅलिफोर्नियाच्या भूकंप मूल्यमापन परिषदेने पुढील काही दिवसांसाठी मोठ्या भूकंपाची शक्यता १ ते ५ टक्के सांगितली होती. तिथे काही झाले नाही. दोन्ही ठिकाणांची तुलना करताना लोक निकालाकडे पाहतात, आणि निकालाकडे पाहिले तर कॅलिफोर्नियाची परिषद उगाच घाबरली असे वाटते. परंतु पाच टक्क्यांचा अंदाज शंभरातल्या पंचाण्णव वेळा असाच काहीही न होता संपायला हवा. तसा तो संपला, म्हणून चुकला असे म्हणता येत नाही. मतदार, पत्रकार आणि दुर्दैवाने अनेक अधिकारीसुद्धा अंदाजाला भाकितासारखे तपासतात, आणि मग अधिकाऱ्याला आकडा न सांगणेच सोयीचे वाटते.

आता २०१६ च्या आकड्याकडे पुन्हा पाहू, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे जी त्या आठवड्यात फारशी कोणी बोलून दाखवली नाही. सामान्य आठवड्याला सहा हजारांत एक म्हणजे वर्षाला साधारण एकशे पंधरांत एक. याचा अर्थ, त्या सूचनेतली सर्वांत भीतिदायक मर्यादा, शंभरात एक, ही एका साध्या, शांत वर्षाच्या धोक्याहून किंचितच मोठी होती. फक्त ती सात दिवसांत गोळा झाली होती. खालची मर्यादा तर दोन साध्या आठवड्यांएवढी होती. याच हिशोबाने तीस वर्षांचा धोका पाहिला, घरासाठी कर्ज काढणारा माणूस जेवढ्या मुदतीचा विचार करतो तेवढा, तर तो चारांत एकाच्या जवळ जातो. सावधगिरीच्या आठवड्यात ज्यांना भीती वाटली, त्यांनी त्याआधीच्या आणि नंतरच्या शांततेत कितीतरी अधिक धोका पत्करलेला होता.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण सॅन बर्नार्डिनो शहराने घालून दिले. सॅन अँड्रियास आणि सॅन हासिंटो या दोन भ्रंशांच्या मध्ये वसलेल्या या शहराने मालिकेनंतरच्या सूचनेचा आधार घेऊन नगरपालिकेची मुख्य इमारत ३ व ४ ऑक्टोबर रोजी बंद ठेवली, कारण मोठ्या भूकंपात ती टिकेल याची खात्री नव्हती. पुष्कळांनी टिंगल केली. शक्यतेचा आकडा तोवर बराच खाली आला होता आणि लाखो लोक नेहमीसारखे कामावर गेले होते. मला मात्र तो निर्णय मूर्खपणाचा वाटत नाही. दोन दिवसांचे कामकाज थांबवण्याची किंमत थोडी होती, इमारत कमकुवत असल्याचे ठाऊक होते आणि शक्यता तात्पुरती वाढली होती. कमी खर्चाचा उपाय लहान शक्यतेवरसुद्धा करावा, हा व्यवहार आहे. प्रश्न निराळाच आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत कर्मचारी आणि नागरिक चाळीस वर्षांहून अधिक काळ येत-जात होते, आणि ५ ऑक्टोबरपासून पुन्हा येऊ लागले. दोन दिवसांसाठी जी इमारत धोक्याची, ती उरलेल्या वर्षासाठी चालण्याजोगी कशी?

याचे उत्तर पैशात आहे. सॅन बर्नार्डिनोने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती आणि २०१६ मध्येही ते शहर त्या प्रक्रियेतून बाहेर पडलेले नव्हते. इमारत मजबूत करायला निधी नव्हता. इमारत बंद करायला मात्र केवळ एक आदेश पुरेसा होता. तरीही मालिकेने एक काम केले: जो धोका अभियंत्यांच्या अहवालात पडून होता तो शहराच्या चर्चेत आला, आणि पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, नगरपालिकेने ती इमारत रिकामी केली. केवळ मालिकेमुळे असे झाले, असा दावा करणे योग्य होणार नाही. पण आकडा लपवला गेला असता तर दोन दिवसांचा तो प्रश्नच उभा राहिला नसता. लहान आकड्याचा खरा उपयोग मला येथे दिसतो. तो लोकांना पळायला सांगत नाही. कोणत्या इमारतीत आपण बसलो आहोत, हे विचारायला लावतो.

वारंवार सूचना दिल्याने लोक निर्ढावतात, हा आक्षेप मी हलका मानत नाही. मात्र तो कोणासाठी खरा आहे हे पाहिले पाहिजे. लॉस एंजेलिसमधला नोकरदार सूचना वाचून पाण्याच्या बाटल्या तपासेल किंवा विसरून जाईल. दोहोंत त्याचे फारसे बिघडत नाही. इंपीरियल आणि कोचेला खोऱ्यातल्या शेतमजुरांचे तसे नाही. तिथे पुष्कळ कुटुंबे चाकांच्या किंवा हलक्या तयार घरांत राहतात, जी धक्क्याने पायावरून सरकतात. ऑगस्ट २०१२ च्या ब्रॉली मालिकेत ५.४ तीव्रतेच्या धक्क्यानेही अशी घरे सरकली होती. त्यांतल्या अनेकांची भाषा स्पॅनिश आहे, काम रोजंदारीचे आहे आणि सुट्टी घेण्याची सोय नाही. त्यांना शंभरात एक असा आकडा देऊन बाकीचे त्यांच्यावर सोडणे म्हणजे ज्याच्या हातात काही नाही त्याच्यावर निर्णय ढकलणे होय. घर पायाला बांधून घेण्याचे साहित्य आणि मदत, गॅसची जोडणी कशी बंद करावी हे त्यांच्या भाषेत, शाळेतली सुरक्षित जागा, यांतले काही आकड्यासोबत पोचले तरच तो आकडा त्यांच्या कामाचा.

म्हणून पूर्वनियोजनाचा आग्रह. जपानमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी ह्युगानाडा या समुद्रभागात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर नानकाई खंदकासाठी (जपानच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या, मोठ्या भूकंपांच्या समुद्रतळाच्या पट्ट्यासाठी) एक आठवड्याची मोठ्या भूकंपाची सूचना निघाली. शक्यता तिथेही लहानच होती. एरवी आठवड्याला हजारांत एक, आणि त्या वेळी काहीशेंत एक. परंतु रेल्वेने मार्गाच्या काही भागांत गाड्यांचा वेग कमी केला, काही किनारे बंद झाले आणि पंतप्रधानांनी मध्य आशियाचा दौरा रद्द केला. कोणी काय करायचे याचा आराखडा बराचसा आधी तयार होता, म्हणून त्या आठवड्यात प्रत्येक कार्यालयाला नव्याने धैर्य गोळा करावे लागले नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे नुकसान झाले आणि त्यावर टीकाही झाली. भरपाई कोणी द्यायची हेही आधी ठरवायला हवे होते, एवढाच त्या टीकेचा अर्थ मी घेतो.

सॉल्टन खोऱ्यात याला आणखी एक बाजू आहे. भूऔष्णिक केंद्रे जमिनीतून जेवढे पाणी काढतात आणि जेवढे परत सोडतात, त्यांतल्या फरकाचा लहान भूकंपांच्या संख्येशी संबंध असल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. आता त्याच खाऱ्या पाण्यातून लिथियम काढण्याच्या योजना पुढे येत आहेत. वीज आणि लिथियम दोन्ही हवे आहेत, त्यास माझा विरोध नाही. पण पाणी काढण्याचे आणि सोडण्याचे आकडे मालिका सुरू असताना त्याच दिवशी शास्त्रज्ञांच्या हाती यायला हवेत. शक्यतेची मर्यादा तीन हजारांत एक ते शंभरात एक अशी तीसपट रुंद राहते, त्याचे एक कारण मालिकेमागे नेमके काय आहे हे चालू क्षणी कळत नाही, हे आहे. माहिती असूनही ती न मिळाल्याने ही रुंदी राहत असेल, तर तो निसर्गाचा दोष नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपापूर्वी, आदल्या वर्षीच, जाणवण्याजोगे धक्के बसले होते. नंतर ते थांबले आणि दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदांची घरे होती तशीच राहिली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात जे धक्के सुरू झाले, ते बहुतांशी लहान राहिले. या दोन मालिकांतली कोणती कशी वळण घेईल, हे सुरू असताना कोणालाही सांगता आले नसते. डहाणूत तंबू उभारले गेले, लोकांनी थंडीत रात्री बाहेर काढल्या. तंबूचा उपयोग काही आठवड्यांपुरता असतो. अशा भागांसाठी सरकारने दोन गोष्टी जाहीर कराव्यात: मालिका सुरू होताच शक्यतेचा अंदाज कोणती संस्था, किती तासांत आणि कोणत्या शब्दांत देईल, आणि कोणत्या अंदाजाला जिल्हाधिकारी, शाळा व आरोग्य केंद्रे काय करतील. तिसरी गोष्ट जाहीर करण्याची नसून करण्याची आहे, आणि तिला मालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही: शाळा, आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायत यांच्या इमारती तपासून, ज्या टिकणार नाहीत त्यांची यादी दारावर लावणे व त्या दुरुस्त होईपर्यंत ती तिथून न काढणे.